शमीमबाई आणि महाशिरांचं वऱ्हाड

शमीमबाईंना हळू बोलता येत नसे. स्टाफरूमच्या कोपऱ्यात त्या कुणाच्या कानाशी लागून गुपित सांगू लागल्या, की बाहेर सायकल-स्टँडवरचा शिपाई मान डोलवून "बरोबर हाय बाईचं" म्हणे. त्यांचा आवाज नदीवर वाढला होता. या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलायची एकदा सवय लागली, की टेबलापलीकडे बसलेला माणूसही पलीकडच्या काठावरच वाटायला लागतो.

वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लहानशा कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली रुजू झाले. नवऱ्याची बदली पोंभुर्ण्याला झाली होती आणि मी सांगलीहून ट्रंकेसोबत आले होते. आता मी आजी आहे. आजी झाल्यावर एक सोय होते: आपल्या तरुणपणाकडे शेजाऱ्यांच्या आगाऊ पोरीसारखं बघता येतं. ती पोरगी म्हणजे एक प्रकरणच होतं. पहिल्या वर्गातली एम.एस्सी., खळ घातलेली सुती साडी, पदराला पिन, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आता मी आले आहे, तेव्हा जंगलाने घाबरू नये.

पहिल्या दिवशी शमीमबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कोण्या पाण्याची व तू?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्याकडे नळ आहे."

बाई इतक्या हसल्या की बाजूच्या वर्गातल्या पोरांनी तास संपला समजून दप्तरं उचलली. त्यांच्या हिशेबात माणसाला गाव नसे, पाणी असे. प्राचार्य इरई नदीचे, शिपाई अंधारी नदीचा, कँटीनवाला उमा नदीचा. मी कृष्णेची निघाले तेव्हा त्यांनी जरा हळहळून मान हलवली. "कृष्णा म्हंजे आमच्या पाण्याले कुठीच मिळत नाई. चालते. बाहेरची हायेस, शिकशील." त्या दिवसापासून माझं नाव 'सांगली' पडलं. पुढे विद्यार्थीसुद्धा मला 'सांगली मॅडम' म्हणू लागले आणि मी, मूर्ख, त्यात सन्मान शोधू लागले.

बाईंच्या वडलांचं चंद्रपूरला दुकान होतं. जाळ्यांचं सूत, दोर, जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या. चिमूरपासून थेट राजुऱ्यापर्यंतचे ढिवर, म्हणजे मासेमार, तिथं सूत घ्यायला येत. लहानपणी गल्ल्यामागे बसून बाईंनी जेवढे मासे ऐकले, तेवढे आम्ही पुस्तकात पाहिले नव्हते. घरात हिंदी, दुकानात मराठी आणि नदीवर शिव्या, असं त्यांचं त्रैभाषिक शिक्षण. ओढणी कमरेला खोचायची, पायात पुरुषी चपला, हातात काळी छत्री, आणि पाणी दिसलं की चपला छत्रीच्या दांड्याला अडकवून सरळ आत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच, तर त्या म्हणत, "एक पोरगा पाहाले आला होता. मी डोहात होती. तो थांबला नाई, न मी निघाली नाई."

त्यांचं एक वाक्य आमच्या प्रयोगशाळेच्या दाराशी लिहायला हवं होतं: "मासा कधी खोटं बोलत नाई. त्याच्यावर पेपर लिहिणारा बोलते."

पण माणूस म्हटला की त्याचं एक वेड असतं, आणि शमीमबाईंचं वेड म्हणजे फॉर्मालिन. प्रयोगशाळेची एक अख्खी भिंत काचेच्या बरण्यांनी भरलेली होती. प्रत्येक बरणीत एक मासा, फॉर्मालिनमध्ये बुडून जन्मभर आश्चर्यचकित झालेला. बरणीवर नदीचं नाव, डोहाचं नाव, पकडणाऱ्याचं नाव. कुणी पाहुणा आला की बाई त्याला त्या भिंतीसमोर उभं करत. "ही माही बिरादरी." त्या भिंतीतले निम्मे मासे महाशीर होते. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला, उन्हाळ्यात खोल डोहात दडणारा आणि पहिल्या पुराबरोबर प्रवाहाविरुद्ध वर चढून गोट्यांच्या तळावर अंडी घालणारा हा मासा. बाईंच्या लेखी बाकीचे मासे हे मासे होते. महाशीर हा पाहुणा होता.

आणि त्याच पाहुण्यावर संकट आलं होतं.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या बाजूला गेलं, की जंगलात कोसमटोला नावाचं गोंडांचं गाव लागे. गावाशेजारून वैनगंगेला मिळणारी एक लहान नदी वाहायची. गावाच्या वरच्या अंगाला तिच्यात एक खोल डोह होता, देवाचा. त्यातला मासा कुणी धरत नसे. गावाच्या खालच्या अंगाला काही वर्षांपूर्वी बंधारा झाला होता, कोल्हापूर पद्धतीचा. म्हणजे नदीत ओळीनं दगडी खांब, खांबांमधे मोकळे गाळे, आणि त्या गाळ्यांत बसवायच्या लोखंडी फळ्या, ज्यांना बर्गे म्हणतात. पावसाळा सरला की बर्गे बसवायचे, पाणी अडवायचं. पावसाळ्याच्या आधी ते काढायचे, पूर जाऊ द्यायचा. असा नियम. (मी हा बंधारा प्रथम पाहिला तेव्हा "आमच्याकडचाच" असं अशा थाटात म्हणाले, की जणू माझ्या आजोबांनी तो डोक्यावरून आणून दिला होता.)

पण कोसमटोल्यात बर्गे वेळेवर निघत नसत. धानाच्या पऱ्ह्याला, म्हणजे रोपांना, जूनमध्ये पाणी लागतं, आणि पाऊस आला नाही तर काय करायचं, म्हणून शेतकरी शेवटच्या दिवसापर्यंत पाणी धरून ठेवत. मग एकदम पूर येई, आणि पाण्याच्या दाबाखाली बर्गे हलत नसत. नेमक्या त्याच पुरात खालचे महाशीर वर चढायला यायचे, लोखंडाला डोकं आपटायचे आणि परत जायचे. देवाच्या डोहातले महाशीर वर्षागणिक कमी होत चालले. गावानं धरलेले नव्हते, तरी कमी होत होते.

तेवढ्यात जिल्ह्याच्या एका समितीची योजना आली. दूरच्या डोंगरातल्या नदीतल्या महाशिरांचं बियाणं तलावात वाढवलं होतं, ते गाडी भरून आणायचं आणि देवाच्या डोहात सोडायचं. योजनेचे साहेब तरुण होते, भले होते, जाड चष्म्याचे होते. म्हणाले, "मॅडम, मासे कमी झालेत. आम्ही मासे देतोय. यात हरकत काय?"

शमीमबाई म्हणाल्या, "घरातले पोरं कमी झाले, तर दाराची कडी काढा लागते साहेब. बाजारातून पोरं नाई आणत."

"पण महाशीर तो महाशीर!"

"मंग तुम्ही न सांगली एकच का? दोघं बी चष्मेवाले."

मी चष्मा काढून पुसू लागले. साहेबांनीही काढून पुसला. बाईंनी मला बोटानं दाखवलं, "पाहा, वागते बी सारखं!" आणि त्या हसत सुटल्या. पण त्या हसण्यामागे त्यांना खरीखुरी धास्ती होती. कोसमटोल्याचा महाशीर हजारो पावसाळ्यांत या पाण्याला सरावलेला. इथलं उन्हाळ्यातलं गरम पाणी, इथला पूर, इथले गोटे त्याच्या रक्तात मुरलेले. बाहेरचं बियाणं त्याच्यात मिसळलं, की ते मुरलेलं पातळ होत जाणार. आणि एकदा मिसळलं की ताकातून दूध वेगळं काढता येत नाही. साहेबांनी सरळ अट घातली: वरच्या डोहातले आणि खालच्या वैनगंगेतले महाशीर एकाच घराण्याचे आहेत हे शास्त्रानं दाखवा. आणि बर्गे काढल्यावर ते खरंच वर येतात हे डोळ्यांनी दाखवा. पहिला पूर ओसरेपर्यंत गाडी थांबवतो. नंतर नाही.

शास्त्राचं काय, बाईंची भिंत तयार होती. त्यांनी बरण्यांमधून माशांचे तुकडे काढले, पार्सल केलं आणि हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं, जिथं त्यांचा एक जुना विद्यार्थी डीएनएचं काम करायचा. किती तरी वर्षांचे, किती तरी डोहांचे महाशीर. त्या दिवशी बाईंनी साऱ्या स्टाफला फुटाणे वाटले.

उत्तर एसटीडी बूथवर आलं. मी बाईंसोबत काचेच्या त्या खोक्यात उभी होते, दोघी कशाबशा मावलो होतो. पलीकडचा विद्यार्थी आधी बराच वेळ प्रकृतीची चौकशी करत राहिला, तेव्हाच बाईंना कळलं.

"सांग रे, सांगून टाक."

फॉर्मालिननं मासा टिकतो, त्याचं डीएनए टिकत नाही. तुटून, चिकटून, त्याचा लगदा होतो. एकाही तुकड्यातून काही निघालं नव्हतं.

बाईंनी फोन ठेवला. प्रयोगशाळेत येऊन त्या भिंतीसमोर बसल्या. मी उगाच बरण्यांवरची धूळ पुसू लागले, कारण 'फॉर्मालिनच उत्तम' असं आदल्याच आठवड्यात मी मुलांना पाऊण तास शिकवलं होतं. बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या मानानं ते खरंच हळू होतं, "सांगली, इतके वर्ष मी या माशायचं तोंड बंद करून ठेवलं." मग त्या उठल्या आणि छत्री घेतली. "चल. बोलणारे आणू."

बोलणारे आणायला अल्कोहोल हवं होतं. फोनवर विद्यार्थ्यानं सांगितलं होतं, माशाच्या पराचा, म्हणजे पोहायच्या पंखाचा, नखाएवढा तुकडा कापा, माशाला सोडून द्या, तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवा. परवान्याच्या कागदांमुळे आमच्या कॉलेजात शुद्ध अल्कोहोल त्या वर्षी आलंच नव्हतं, आणि नदीपल्याडच्या गडचिरोली जिल्ह्यात तर दारूबंदी होती. उन्हाळा संपत आला होता. डोहातलं पाणी खाली गेलेलं असतानाच मासा हाती लागतो, नंतर नाही.

कोसमटोल्यात सोमीबाईंचा शब्द चाले. गावच्या पाटलांची ही म्हातारी आई, अंगानं काटकुळी, हातात बिडी, आणि जीभ अशी की शमीमबाईंशी जोडी जमावी. दोघी भेटल्या की आधी एकमेकींची उणीदुणी निघत, मग काम.

"आली का व माशावाली? यंदा जाडी झाली."

"न तू काऊन वाळून राह्यली? पोरगा जेवाले देत नाई का?"

शमीमबाईंनी अडचण सांगितली. सोमीबाईंनी बिडीचा एक झुरका घेतला. "दारू पाहिजे म्हन ना. लाजतेस काऊन?"

"साधी नाई चालत. सगळ्यात तेज पाहिजे."

"मोहाची, पहिल्या धारेची देतो. देवाले ठेवतो तीच. काडी लावली तं निळी जळते." मग डोळा बारीक करून, "पन मुसलमानाची बाई तू, तुले चालते का?"

"मले नाई पाह्यजे व, मासोळीले पाह्यजे!"

"हाव, समदे असंच म्हनतेत."

पण देवाच्या डोहाची एक अट होती. तिथला मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. जाळ्यात घ्या, हात लावा, पण त्याचं अंग पाण्यातच राहिलं पाहिजे. म्हणजे पर कापायचा तो पाण्यात उभं राहून, पाण्याखाली. शमीमबाईंना त्यात काहीच वाटलं नाही. त्यांनी माझ्या हातात कात्री दिली.

त्या आगाऊ पोरीचं ते चित्र मला आजही दिसतं. छातीभर पाणी, खळ घातलेली साडी फुग्यासारखी वर आलेली, पदराची पिन तोंडात, आणि समोर बाईंनी सोबत आणलेल्या ढिवरांनी जाळ्यात धरून ठेवलेला माझ्या हाताएवढा महाशीर. मी डोळे मिटून कात्री चालवली आणि स्वतःच्याच पदराचा तुकडा कापला. काठावरून सोमीबाई ओरडल्या, "अव माय, हे तं लुगड्याचा नमुना घेऊन राह्यली!" शमीमबाई म्हणाल्या, "ठेव ठेव, सांगलीची जात बी कळन!" तिसऱ्या-चौथ्या माशाला माझा हात बसला. खवले नाण्याएवढे, अंग गार आणि घट्ट, आणि सोडल्यावर एक झटका, की पाण्यात नुसता सोनेरी ओरखडा उरे. मला पहिल्यांदाच वाटलं, की हे प्राणिशास्त्र मी आजवर भलत्याच ठिकाणी शिकले.

दवाखान्यातून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, उकळून त्यांत आम्ही पहिल्या धारेची भरली होती. एकेका बाटलीत पराचा एकेक तुकडा. काही कोसमटोल्याच्या डोहातले, काही खाली वैनगंगेवर धरलेल्या महाशिरांचे. सगळ्या एका पत्र्याच्या डब्यात रचून आम्ही एसटीनं परत निघालो. वैनगंगेच्या पुलाआधी पोलिसांनी गाडी थांबवली. दारूबंदीची तपासणी. हवालदारानं डबा उघडला, एक बाटली हुंगली आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाई, हे काय होय?"

"मासे."

"मासे कवापासून मोहाची पिऊन राह्यले?"

"मरणाचा सवाल आला म्हणून पेतात, गरीब बिचारे," बाई म्हणाल्या. अख्खी एसटी ऐकत होती. बाईंच्या आवाजात दुसरी सोयच नव्हती.

"तुम्ही मास्तरीनबाई. वरून मुसलमान. तुमच्याजवळ दारू?"

"म्हणूनच माझ्याजवळ ठेवली भाऊ. तुमच्याजवळ दिली असती तं एक तरी पर हैदराबादले पोचला असता का? घ्या, एक बाटली पिऊन पाहा. आत माशाचा तुकडा हाय, चावून खाजा."

गाडीत हशा पिकला. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "घे न रे बाबू, चाखना बी त्याच्यातच हाय." हवालदार स्वतःच हसू लागला. त्यानं डब्याचं झाकण लावलं, वर स्वतःच्या हातानं दोरी बांधून दिली आणि म्हणाला, "जा बाई. पन मासे शुद्धीवर आले की सांगजा."

मासे शुद्धीवर आले. हैदराबादहून बूथवर फोन आला तेव्हा विद्यार्थ्याला प्रकृतीची चौकशी करायला वेळच नव्हता. मोहाच्या पहिल्या धारेनं आपलं काम केलं होतं. वरच्या डोहातले आणि खालच्या नदीतले महाशीर एकाच घराण्याचे होते. पण खालच्यांमध्ये जेवढ्या तऱ्हा होत्या, तेवढ्या वर उरल्या नव्हत्या. वरचे सगळे एकमेकांचे फार जवळचे झाले होते, आपसातच वाढत होते. आणि योजनेचं बियाणं ज्या नदीतून येणार होतं, तिथल्या माशांचे नमुने त्याच्याकडे आधीचे होते. ते घराणं फार लांबचं होतं.

बाई बूथबाहेर येऊन भर चौकात ओरडल्या, "एकच खानदान!" समोरच्या पानवाल्यानं विचारलं, "कोणाचं ठरलं बाई?"

हा प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला असावा. कारण चार दिवसांनी कोसमटोल्यात मोहाच्या झाडाखाली गाव बसलं, तेव्हा पहिली पंधरा मिनिटं माझ्या भाषणात वाया गेली. मी 'जनुकीय विविधता' हा शब्द फळ्याशिवाय समजावू पाहत होते. लोक सभ्यपणे ऐकत होते, एक कुत्रं उठून गेलं. शमीमबाईंनी मला खाली बसवलं.

"सोमीबाई, तुम्ही किती देववाले?"

"सात देववाले. तुले मालूम हाय."

"सात देववाल्याचा पोरगा सात देववाल्याची पोरगी करते का?"

सगळे हसले. गोंडांत एका देवसंख्येचे लोक भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. सोयरीक दुसऱ्या देववाल्यांशीच. "थू," सोमीबाई म्हणाल्या, "भाऊ-बहीन होय ते."

"मंग ऐका. तुमच्या देवाच्या डोहात आता एकाच देवाचे मासे उरले. भाऊबंदातच लगीन लावून राह्यले. म्हणून वंश कमी होऊन राह्यला. जात तीच, पन दुसऱ्या देवाचे पाहुणे खाली वैनगंगेत बसले हायेत. दर पावसाळ्यात सोयरिकीले येतेत."

"येतेत तं कुठी जातेत?"

"बंधाऱ्याले डोकं आपटून घरी जातेत. आपण कडी लावून ठेवली."

पाटील, म्हणजे सोमीबाईंचा मुलगा, म्हणाला, "पन बाई, पऱ्ह्याले पानी? बर्गे काढले न पाऊस नाई आला तं पोराइले काय खाऊ घालू? मासोळी देवाची, ते बी खाता येत नाई." त्याचं म्हणणं खरं होतं. योजनेचे साहेबही तिथं होते, त्यांनीही मान डोलावली.

सोमीबाईंनी बिडी विझवली आणि मुलाकडे पाहिलं. "तुह्या लग्नात बी आभाळ भरून आलं होतं. मी वऱ्हाडाले म्हनलं का, आधी पाऊस पाहू, मंग दार उघडू?"

मग रस्ता निघाला, आणि तो त्यांनीच काढला. सगळ्यांनी आपापले पऱ्हे वेगवेगळे न टाकता डोहाच्या काठच्या एकाच बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, एकमेकांना लागून टाकायचे. तेवढ्याला डोहातून डोक्यावर आणलेलं पाणीही पुरतं. आणि मृग लागायच्या आत बर्गे बाहेर. बाजूला साहेब हळूच मला म्हणाले, "मॅडम, हे आमच्या अहवालात कुठल्या रकान्यात टाकायचं?"

बर्गे गाळात रुतले होते. अख्खं गाव दोराला लागलं. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, आणि मधे शमीमबाई, छत्रीनं ताल देत. एकेक लोखंडी फळी कुरकुरत वर आली, की बायका गोंडी लग्नगीत म्हणत. मला त्यातला शब्दही कळत नव्हता, पण मी सगळ्यात मोठ्यानं म्हणत होते, असं सोमीबाईंनी पुढे बऱ्याच लोकांना सांगितलं. शेवटचा बर्गा निघाला तेव्हा नदी गाळ्यांतून वाहायला लागली आणि साऱ्या दोरवाल्यांनी एकाच वेळी चिखलात बसकण मारली.

पहिला पूर आला तो दुपारी. पाणी चहाच्या रंगाचं, त्यात पानं, काटक्या, एक मोडकी टोपली. आम्ही सगळे बंधाऱ्याच्या काठावर उभे. साहेबही आले होते. त्यांच्या खिशात गाडीवाल्याला द्यायचा निरोप तयार होता, आणि त्यांनी तो लपवला नव्हता. वेळ जात होता. गाळ्यांतून फक्त पाणी खाली येत होतं, वर काहीच जात नव्हतं. पाटील आभाळाकडे आणि मग वर आपल्या पऱ्ह्याच्या दिशेनं बघत होता. मी शहाणपणा करून म्हणाले, "कदाचित पुढच्या वर्षी..."

"चूप!" शमीमबाई म्हणाल्या. कुणाच्याही मानानं हळू अशा आयुष्यात त्या एकदाच बोलल्या, त्या तेव्हा.

मधल्या गाळ्याखाली पाणी फुगलं. मग फुगा फुटला आणि एक लांब, सोनेरी पाठ पाण्याबाहेर आली, प्रवाहाला आडवी झाली, मागे ढकलली गेली, पुन्हा सरळ झाली. एक झटका, दुसरा, आणि ती गाळ्यातून वर निघून गेली.

"आला! आला! गेला! वर गेला!" हे कोण ओरडलं? साहेब! दोन्ही हात वर, चष्मा नदीत. त्यांना चष्म्याशिवाय काहीच दिसत नव्हतं, तरी पुढचा प्रत्येक मासा त्यांनीच आधी पाहिल्याचा दावा केला. एकामागून एक येत राहिले, मोठे, मध्यम, कधी दोन-दोन जोडीनं. बायकांनी हातातल्या अक्षता पाण्यावर टाकल्या. ढिवर, ज्यांनी जन्मभर हा मासा जाळ्यात पाहिला होता, ते जाळं खांद्यावर तसंच ठेवून टाळ्या वाजवत होते. पाटलानं मला विचारलं, "मॅडम, हे आमच्या पाहुण्यायले जेवाले काय लागते?" आणि शमीमबाई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून, भिजलेली छत्री वर धरून, प्रत्येक माशाला ओरडून सांगत होत्या, "चल, चल, चल! वर जागा हाय!"

बियाण्याची गाडी आली नाही. साहेबांनी खिशातला निरोप तिथंच फाडला आणि योजनेचा पैसा बंधाऱ्यावर हलकी, काढायला सोपी फळी बसवण्याकडे वळवायला अर्ज केला. मान्य व्हायला वेळ लागला, पण झाला. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही डोहात पुन्हा उतरलो, मी एव्हाना सलवार घालू लागले होते. लहान महाशिरांचे पर पुन्हा पहिल्या धारेत हैदराबादला गेले आणि उत्तर आलं, की वरच्या डोहात आधी न दिसलेल्या तऱ्हा आता दिसू लागल्या आहेत. सोमीबाईंना सांगितलं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, "लगीन लागलं म्हनजे पोरं होतेच. हैदराबादले काऊन विचारा लागते?"

काही वर्षांनी नवऱ्याची बदली परत आमच्या बाजूला झाली. निरोप घ्यायला मी कोसमटोल्याला गेले तेव्हा बाई निवृत्त झाल्या होत्या आणि त्यामुळे त्यांना अजिबात वेळ नव्हता. मृगाच्या आधीचे दिवस होते. बर्गे निघाले होते. सोमीबाईंच्या अंगणात भात शिजत होता, वरण उतरत होतं, आणि आम्ही ताटं घेऊन बसणार एवढ्यात एक ट्रॅक्टर आला. मागच्या ट्रॉलीत दहा-बारा माणसं, सगळी अनोळखी. नदीच्या आणखी वरच्या अंगाच्या गावातली. त्यांच्याकडेही एक बंधारा होता, आणि इथला डोह भरला, मग आमच्याकडे पाहुणे काऊन येत नाईत, असं विचारायला ते स्वतःहून आले होते.

शमीमबाईंनी ताट खाली ठेवलं. चपला छत्रीच्या दांड्याला अडकवल्या. चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढल्या, दोघांना बाजूला सारून बसल्या आणि ड्रायव्हरवर ओरडल्या, "पाहून काय राह्यला? चालव!"

"अव बाई, दोन घास खाऊन तं जा!" सोमीबाई मागे धावल्या. "भात थंडा होऊन राह्यला!"

ट्रॅक्टर वळणावर गेला होता. नुसती छत्री दिसत होती. पण आवाज अख्ख्या जंगलात स्पष्ट ऐकू आला.

"मासे थांबतेत का जेवाले?"